विजेच्या गाडीची लीज संपतेय: मुदत वाढवू की गाडी घेऊन टाकू?

वाचकांचे प्रश्न, गाडीची उत्तरं

या सदरात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात लातूरचे आमचे स्तंभलेखक. वाहन विम्याचे सर्व्हेअर म्हणून त्यांचं सारं काम मराठवाड्याच्या रस्त्यांवरचं.

प्रश्न: दादा, नमस्कार. मी जालन्यात एका बियाणे कंपनीत विक्री विभागात आहे. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा हा माझा भाग. 2022 च्या दिवाळीत कंपनीमार्फत नेक्सॉन ईव्ही लीजवर घेतली, 30.2 किलोवॅट-अवर बॅटरीची. किंमत तेव्हा साडेसोळा लाख होती. चार वर्षांची लीज यंदा दिवाळीनंतर संपते. गाडी 78 हजार किलोमीटर चालली आहे. लीज कंपनीने तीन पर्याय दिलेत: गाडी परत करा, 5 लाखांना विकत घ्या, किंवा बारा महिने मुदत वाढवा. मुदतवाढीत हप्ता 24,500 रुपये, विमा आणि सर्व्हिसिंग त्यातच. वर्ष संपल्यावर हवी असेल तर 3 लाख 60 हजारांना गाडी माझी. मात्र मध्येच लीज मोडली तर उरलेल्या हप्त्यांची निम्मी रक्कम भरावी लागेल. पूर्वी एका चार्जमध्ये गाडी 210 किमी जायची, आता 175 च्या पुढे धाकधूक होते. घरचे म्हणतात, जुन्या बॅटरीचं लोढणं गळ्यात कशाला, अजून वर्षभर भाड्यानेच चालव. गाडी सोडायची माझी अजिबात इच्छा नाही. शिवाय पुढच्या खरिपाआधी, एप्रिल-मेपर्यंत, नोकरी सोडून परतूरला भावाबरोबर कृषी सेवा केंद्र टाकायचं घाटतंय. काय करू?
— एक भगिनी, जालना

उत्तर: ताई, बारा महिन्यांच्या मुदतवाढीवर सही करू नका. गाडी नीट तपासून घ्या आणि ठीक निघाली तर विकत घेऊन टाका.

लीजच्या हप्त्यात तुम्ही दोन गोष्टींचे पैसे भरता. एक, वापरामुळे गाडीची किंमत उतरते त्याचे. दुसरी, नकोशी झाली की किल्ली देऊन मोकळं व्हायच्या मुभेचे. चार वर्षांपूर्वी ही मुभा तुम्हाला हवीच होती. विजेची गाडी जालन्याच्या उन्हात कशी टिकेल हे तेव्हा कोणाला माहीत होतं? आज गाडी सोडायची नाही हे तुमचं पक्कं आहे. जी मुभा वापरायचीच नाही तिच्यासाठी आणखी वर्षभर पैसे का मोजायचे?

आता हिशेब मांडू. तुम्ही नोकरीत पूर्ण वर्ष राहणार असता तर बारा हप्त्यांचे 2 लाख 94 हजार आणि शेवटी गाडीचे 3 लाख 60 हजार, एकूण 6 लाख 54 हजार. आत्ता घेतली तर 5 लाख, वर्षाचा विमा-सर्व्हिसिंग-किरकोळ दुरुस्ती धरून साठेक हजार आणि जुन्या गाडीच्या कर्जाचं पहिल्या वर्षाचं व्याज पन्नासेक हजार. म्हणजे 6 लाख 10 हजारांच्या घरात. फरक चाळीस-पंचेचाळीस हजारांचा. तुमचा हप्ता पगारातून कर लागण्याआधी कापला जात असेल तर वाचणारा कर हा फरक भरून काढेल, कदाचित वर थोडं उरेलही. त्यामुळे वर्षभर नोकरी पक्की असलेल्या माणसाला मी मुदतवाढीला नाही म्हणणार नाही.

पण तुम्ही मेपर्यंत बाहेर पडणार आहात. मग चित्र असं होतं: सहा हप्ते, 1 लाख 47 हजार. उरलेल्या सहांचे निम्मे, म्हणजे 73,500. एवढे 2 लाख 20 हजार भरूनही गाडी तुमची झालेली नसेल. ती त्या वेळी कितीला मिळेल हे तुमच्या कागदात नाही. 5 लाख आणि 3 लाख 60 हजार यांच्या मधला आकडा, समजा 4 लाख 30 हजार, धरला तर मेमध्ये एकूण खर्च साडेसहा लाख. आज घेतली तर मेपर्यंत विमा, व्याज, सर्व्हिसिंग सगळं मिळून पावणेसहा लाखांच्या आसपास, आणि विम्याचे सहा महिने अजून शिल्लक. पंचाहत्तर हजारांचा फरक आहे. सहा महिन्यांच्या हप्त्यांवर कर वाचला तरी तो एवढा नसतो. अकाउंट्सवाल्यांकडून करबचतीचा आकडा लेखी मागून घ्या, पण निर्णय त्याने बदलेल असं मला वाटत नाही. दुकान सुरू करायच्या तोंडावर, बियाण्याचा आणि खताचा माल भरायचा असताना, 73 हजार दंडात घालवू नका. तेवढ्यात दुकानाची रॅक आणि काउंटर उभं राहतं.

5 लाखांच्या आकड्याबद्दल एक प्रश्न लीज कंपनीला ईमेलवर विचारा: हे जीएसटी धरून आहेत का? विजेच्या गाडीच्या हप्त्यावर 5 टक्के जीएसटी आहे, पण नोंदणीकृत व्यावसायिक जुनी गाडी विकतो तेव्हा, डिसेंबर 2024 च्या जीएसटी परिषदेच्या निर्णयानंतर, 18 टक्के लागतात, विजेच्या गाडीलाही. हे पूर्ण किमतीवर नसतात, फरकावर असतात. त्यांच्या वहीत घसारा जाऊन गाडी समजा 3 लाखांची उरली असेल आणि तुम्हाला 5 ला देत असतील, तर 2 लाखांवर 36 हजार. पुष्कळ जण समजतात की 5 लाखांवरच 18 टक्के, म्हणजे 90 हजार गेले. कोणी तसं बिल पुढे केलं तर मुकाट्याने भरू नका.

5 लाख ही किंमत रास्त आहे का, याचं उत्तर बाजार देईल. छत्रपती संभाजीनगरला जालना रोडवर जुन्या गाड्यांचे व्यवहार करणारे आहेत, दोघांकडून गाडी दाखवून भाव काढा. विम्याच्या कागदावरची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, पाहून हुरळू नका. तो आकडा ठरावीक उतरंडीने निघतो: तीन ते चार वर्षांच्या गाडीला 40 टक्के घट, चार ते पाच वर्षांच्या गाडीला 50 टक्के. बाजार त्या उतरंडीने चालत नाही. तुमच्याच मॉडेलचं पाहा. सप्टेंबर 2024 मध्ये कंपनीने नव्या नेक्सॉन ईव्हीची सुरुवातीची किंमत 12 लाख 49 हजारांवर आणली, तेव्हा साडेसोळा लाखांना घेतलेल्या जुन्या गाड्यांचे भाव आपोआप खाली आले. तुमच्या लीजचा 5 लाखांचा आकडा 2022 मध्ये ठरलेला आहे. बाजारात भाव त्याहून कमी निघाला तर घासाघीस करायला पूर्ण वाव आहे. परत आलेली गाडी त्यांनाही कुठेतरी विकावीच लागते.

आता बॅटरी. घरच्यांची काळजी मला पटते, पण 210 ची 175 झाली म्हणजे बॅटरी तेवढी गेली असं नसतं. टायरमधली हवा, एसी, रस्त्याचा वेग, हे सगळं त्यात येतं. मे महिन्यात परभणी-जालना पट्टा 43-44 अंशांवर तापतो, तेव्हा नुसत्या एसीने रेंज खाली येते. तुमच्या गाडीतल्या सेल लोह-फॉस्फेटच्या, एलएफपी म्हणतात त्या. या सेल उष्णता तुलनेने चांगली सोसतात. मात्र त्यांचं व्होल्टेज बराच वेळ सपाट राहतं, त्यामुळे आत नेमकी किती वीज शिल्लक आहे हे गाडीच्या यंत्रणेला सहज कळत नाही. अधूनमधून सावकाश चार्जिंग करून पूर्ण 100 पर्यंत नेलं की तिचा अंदाज जुळतो. गावोगाव फिरणारे लोक घाईत डीसी, म्हणजे वेगवान, चार्जरवर 80 टक्के करून निघतात, महिनोन्‌महिने 100 गाठतच नाहीत, आणि मग काट्यावर विश्वास राहत नाही.

म्हणून हे करा. घरच्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर दोन-तीन रात्री गाडी पूर्ण 100 होऊ द्या. नंतर रोजच्या रस्त्यावर चालवून 10 टक्क्यांपर्यंत आणा. त्या रात्री चार्जिंग लावताना इलेक्ट्रिशियनकडून चार्जरच्या लाइनवर छोटा सब-मीटर बसवून घ्या. 10 पासून 100 पर्यंत किती युनिट गेले ते लिहून ठेवा. बॅटरी शाबूत असेल तर चार्जरमधली गळती धरून तीस युनिटांच्या आसपास जायला हवेत. 28-29 आले तर निर्धास्त राहा. 25 किंवा खाली आले तर क्षमता खरंच घटली आहे. हा घरगुती अंदाज झाला. भाव करताना हातात कागद हवा, म्हणून सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीच्या आरोग्याचा, म्हणजे एसओएचचा, छापील अहवाल घ्या. गाडी अजून लीज कंपनीच्या नावावर आहे, तेव्हा अहवालासाठी त्यांचं पत्र लागलं तर आत्ताच मागा. लीज संपायच्या आठवड्यात कोणी फोन उचलत नाही.

वॉरंटी आठ वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. तुम्ही वर्षाला साधारण वीस हजार चालवता. म्हणजे किलोमीटर आणि वर्षं, दोन्ही 2030 च्या अखेरीस संपतील. गाडी विकत घेतली तरी चार वर्षं बॅटरी कंपनीच्या जबाबदारीवर आहे, आणि मुदतवाढीने ती जबाबदारी एक दिवसही वाढत नाही. ही गोष्ट घरी नक्की सांगा. फक्त नाव बदलल्यावर वॉरंटी तुमच्या नावे चालू राहते का, आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली की ती दोष मानतात, ही दोन उत्तरं शोरूमकडून लेखी घ्या.

माझ्या कामात बॅटरी आतून खराब झालेल्या गाड्यांपेक्षा खालून मार बसलेल्या गाड्या जास्त येतात. गाडी रॅम्पवर चढवा आणि टॉर्च घेऊन स्वतः खाली जा. बॅटरीच्या खोक्याचा तळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने चाचपा. नुसते ओरखडे असतील तर चालेल. पत्रा आत दबला असेल, बोल्टची कड चेपली असेल, नारिंगी केबलच्या आवरणावर घासल्याची खूण असेल, तर तिथला फोटो काढा. घनसावंगीकडच्या आतल्या रस्त्यांवर खडी उखडलेली असते, ती नेमकी तिथे बसते. गेल्या वर्षी सप्टेंबरच्या अतिवृष्टीत गोदाकाठच्या गावांत पाणी शिरलं, पूल बुडाले. त्या दिवसांत गाडी पाण्यातून काढली असेल तर मेकॅनिकला ते आवर्जून सांगा. बॅटरीचं खोकं आयपी67 दर्जाचं आहे, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास ते टिकतं. पण बाहेरच्या कनेक्टरमध्ये गाळ बसला तर गंज वर्षभराने डोकं वर काढतो. हिरवट-पांढरी भुकटी दिसली की दुरुस्ती लीज चालू असतानाच करून घ्या, कारण तोवर गाडी त्यांची आहे आणि सर्व्हिसिंग तुमच्या हप्त्यात आहे. बारा व्होल्टची छोटी बॅटरीही पाहा. चार वर्षांत तिचं आयुष्य संपत आलेलं असतं, आणि ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. ती आणि झिजलेले टायर आताच बदलून मागा. करारात असेल तर हक्काने मागा.

कागदपत्रांचं थोडक्यात. फॉर्म 29 आणि 30 वर मालकी बदलते, आरसीवर लीजची नोंद असेल तर ती फॉर्म 35 ने उतरवायची. नाव बदलल्यापासून चौदा दिवसांत विमा आपल्या नावे करायचा. हे चौदा दिवस लोक विसरतात, आणि नेमका त्याच काळात अपघात झाला की माझ्यासमोर रडत बसतात. मला फार वाईट वाटतं, कारण तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, विमा ज्याच्या नावावर त्याचा असतो. चार वर्षांचा बोनस लीज कंपनीकडे जाईल, तुमची सुरुवात शून्यापासून होईल, तेव्हा पहिल्या वर्षीचा हप्ता जास्त येणार हे धरून चाला. कर्ज काढणार असाल तर विजेच्या गाडीच्या व्याजावर आयकरात मिळणारी कलम 80 ईईबीची सवलत 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. अजून कोणी ती मिळेल म्हणत असेल तर ऐकू नका. दुकान सुरू झाल्यावर गाडी धंद्याच्या वहीत घेऊन घसारा कसा मिळेल, ते मात्र सीएला जरूर विचारा.

परतूरचा विचार आतापासून करा. तिथे गाडी कुठे चार्ज होणार? घरच्या अर्थिंगची तपासणी करा. अर्थिंग नीट नसेल तर चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो, आणि आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडून भेगाळतो, तेव्हा पावसाळ्यात चाललेलं चार्जिंग एप्रिलमध्ये बंद पडतं. खड्ड्यात मीठ-कोळसा नव्याने भरून रोज बादलीभर पाणी सोडायची सोय करा. सॉकेट चांगल्या कंपनीचंच घ्या, वायर चार चौरस मिलिमीटरची. चार्जिंग लावून तासाभराने प्लगला हात लावा. कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर लगेच बंद करा आणि सॉकेट उघडून पाहा. छप्पर तुमच्या घराचं असेल तर प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजारांचं अनुदान आहे. ते घरगुती जोडणीला मिळतं, दुकानाच्या नाही. एवढी पॅनेल दिवसाला सरासरी बारा युनिट देतात आणि तुमच्या रोजच्या फिरतीला आठ-नऊ युनिट पुरतात.

समजा तपासणीत बॅटरी कमजोर निघाली, किंवा अहवाल वेळेत हाती आला नाही. तरी बारा महिने नकोच. महिन्या-महिन्याची मुदतवाढ मागा, तीस दिवसांची नोटीस देऊन सोडता येईल अशी. हप्ता हजार-दोन हजार जास्त पडला तरी चालेल, तिथे त्या मुभेला किंमत आहे. तोंडी आश्वासन घेऊ नका, दंडाचं कलम वगळल्याचं कागदावर दिसू द्या.

प्रश्न: मी उदगीरला शिक्षक आहे. महिन्याला सहाशे किलोमीटरपेक्षा जास्त फिरणं नाही. लीजऐवजी बॅटरी भाड्याने आणि गाडी विकत, असा प्रकार निघालाय म्हणतात. फायद्याचा आहे का?
— उदगीर

उत्तर: गुरुजी, सप्टेंबर 2024 मध्ये एमजी विंडसर बाजारात आली तेव्हा बॅटरीसकट साडेतेरा लाख आणि बॅटरीशिवाय 9 लाख 99 हजार, वर किलोमीटरमागे साडेतीन रुपये भाडं, असा भाव होता. फरक साडेतीन लाखांचा. म्हणजे बरोबर एक लाख किलोमीटर चालल्यावर भाडं त्या फरकाएवढं होतं. तुम्हाला एक लाख गाठायला तेरा-चौदा वर्षं लागतील, म्हणून वरवर फायदा दिसतो. पण करारात दरमहा कमीत कमी किती किलोमीटरचं बिल लागणार ते आधी वाचा. ती अट 1,500 किलोमीटरची असेल तर गाडी दारात उभी असली तरी महिन्याला 5,250, वर्षाला 63 हजार जातील आणि साडेपाच वर्षांत तेवढी बॅटरी विकत आली असती. तुमच्यासारख्या कमी फिरणाऱ्याने अशी अट असलेला करार घेऊ नये. छोट्या बॅटरीची पूर्ण विकतची गाडी पाहा.

प्रश्न: नांदेडहून जालन्याला येऊन समृद्धीने मुंबईला जातो. गाडी लीजची, विजेची. टोलमाफी लीजच्या गाडीला आहे का?
— नांदेड

उत्तर: राज्याच्या 2025 च्या ईव्ही धोरणात समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर विजेच्या प्रवासी गाड्यांना टोलमाफी आहे. धोरण 31 मार्च 2030 पर्यंतचं आहे. माफी गाडीला आहे, मालक कोण ते पाहिलं जात नाही. फास्टॅगवर मात्र वाहनाची नोंद विजेचं वाहन अशीच हवी. लीजच्या गाड्यांचा फास्टॅग बहुधा लीज कंपनीने काढलेला असतो, तेव्हा नोंद तीच दुरुस्त करू शकते. प्रवासानंतर खात्याचं विवरण पाहा, पैसे कापले असतील तर त्या टोलनाक्याची वेळ आणि रकमेसह तक्रार करा.

120 ची मर्यादा आहे म्हणून 120 ने जाऊ नका. तेवढ्या वेगाला हवेचा रोधच बॅटरी खातो. नव्वदीत ठेवलीत तर मधला एक थांबा वाचू शकतो. जालन्यातून निघण्याआधी डीसी चार्जरवर 80 टक्के झालं की सुटा, शेवटच्या वीस टक्क्यांना तिथे सगळ्यात जास्त वेळ लागतो.